ऑनलाइन घेतलेले नाणे परत करताना व्यवहार का अडतो : लक्षणे, तपासण्या आणि कुठे थांबावे

रत्नागिरीत राहून गेली पंधरा वर्षे मी जुनी नाणी बहुतांशी ऑनलाइनच घेत आलो आहे, कारण आपल्या बाजूला नाण्यांची प्रदर्शने फारशी भरत नाहीत आणि लिलावासाठी दर वेळी मुंबई-पुणे गाठणे परवडत नाही. या काळात मी बरीच नाणी परत केली, काही परताव्यांत पैसे बुडाले, आणि आता राजापूर, गुहागर, मालवण येथील ओळखीचे संग्राहक असा व्यवहार अडला की मला फोन करतात. तपशील वेगळे असले तरी बिघाड बहुतेक वेळा एकाच जागी असतो. मोबाइल किंवा मिक्सर परत करताना त्यावरचा क्रमांक पाहून वस्तू तीच आहे हे ठरवता येते. नाण्याला क्रमांक नसतो. त्यामुळे ‘तुम्ही परत पाठवलेले नाणे मी दिलेले नाणे नव्हे’ असे विक्रेत्याने म्हटले की खरा ग्राहकही निरुत्तर होतो. खाली दिलेल्या सगळ्या तपासण्यांचा उद्देश एवढाच आहे की आलेले नाणे कोणते होते आणि ते वर्णनापेक्षा कशात वेगळे होते, या दोन गोष्टी पहिल्याच दिवशी पक्क्या व्हाव्यात.

लक्षणे

सर्वांत नेहमीचे लक्षण म्हणजे नाणे हातात घेतल्यावर काहीतरी चुकते आहे असे वाटते, पण काय चुकते आहे ते सांगता येत नाही. ते हलके लागते, अक्षरांच्या कडा मऊ दिसतात किंवा रंग फोटोतल्यापेक्षा वेगळा असतो. दुसरे लक्षण असे की परताव्याची विनंती करताच विक्रेता आधी गोड बोलतो, फोनवर ‘बघतो’ म्हणतो, आणि मुदत उलटली की उत्तर देणे थांबवतो. तिसरे लक्षण म्हणजे नाणे परत पोहोचल्यावर ते घासलेले आहे किंवा बदललेले आहे असे सांगून परतावा नाकारला जातो. चौथे आपल्याकडे पावसाळ्यात विशेष दिसते : पार्सल ‘पोहोचले’ अशी नोंद होते, पण ते प्रत्यक्षात हाती आलेले नसते किंवा भिजून आलेले असते.

पाचवे लक्षण मात्र वेगळ्या रोगाचे आहे. पैसे परत देण्यासाठी विक्रेता आधी एखादे शुल्क, कर किंवा ‘प्रक्रिया खर्च’ मागत असेल, किंवा एखादा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकायला सांगत असेल, तर ही फसवणूक आहे. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन कधीही लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नावाने जुनी नाणी व नोटा यांच्या खरेदी-विक्रीसाठी शुल्क किंवा कर मागणाऱ्यांपासून सावध राहावे, असे बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितले आहे. असे काही घडले असेल तर पुढच्या तपासण्यांत वेळ न घालवता लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी, कारण पहिल्या काही तासांत कळवले तर पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी रोखले जाण्याची शक्यता असते.

पहिली तपासणी : जाहिरातीतील शब्द

याला काही खर्च नाही आणि पाच मिनिटे लागतात, तरीही बहुतेक जण हेच सोडून देतात. विक्रेत्याने नेमके काय लिहिले होते ते पुन्हा शब्दशः वाचावे आणि वर्णन व सर्व फोटो यांचे स्क्रीनशॉट तारखेसह ठेवावेत, कारण वाद सुरू झाल्यावर वर्णन बदलले गेल्याचे मी दोनदा पाहिले आहे. ‘चांदीचे’, ‘चांदीसारखे’, ‘प्रतिकृती’, ‘टोकन’ आणि ‘रिस्ट्राइक’ या शब्दांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रिस्ट्राइक म्हणजे टाकसाळीने नंतरच्या काळात पुन्हा पाडलेले नाणे. ते बनावट नसते, पण मूळ नाणेही नसते, आणि वर्णनात तो शब्द असेल तर तक्रारीचा पाया उरत नाही.

सहाव्या जॉर्जच्या रुपयाबाबत ही गफलत नेहमी होते. १९३९ पर्यंतच्या रुपयात सुमारे ९१.७ टक्के चांदी होती, तर १९४० पासून १९४५ पर्यंतच्या रुपयात ती ५० टक्क्यांवर आली. वजन मात्र तेच राहिले. विक्रेत्याने १९४२ चा रुपया ‘चांदीचा रुपया’ म्हणून विकला असेल तर त्याने खोटे लिहिलेले नाही. ‘शुद्ध चांदी’ असे लिहिले असेल तर ते वर्णन चुकीचे आहे आणि परतावा मागण्याचा तुमचा हक्क पक्का आहे. १९४७ चा वाघाची छाप असलेला रुपया तर निकेलचा आहे, त्यात चांदी मुळीच नाही. तसेच ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, १८१८ हे साल आणि राम-सीतेचा दरबार असलेले ‘एक आणा’ हे चलनी नाणे कंपनीने कधी काढलेले नाही. ती नंतरच्या काळात तयार झालेली टोकन आहेत. ‘चमत्कारी’ म्हणून हजारो रुपयांना अशी टोकन घेतलेल्या माणसांनी संग्राहकांचा सल्ला घेत न बसता थेट पोलिसांकडे जावे.

वर्णन वाचून चूक आपल्या समजुतीची होती असे दिसले, तर तिथेच थांबावे. प्रामाणिक विक्रेत्याशी निष्कारण वाद घातला की पुढच्या खऱ्या तक्रारीच्या वेळी आपला शब्द हलका पडतो.

दुसरी तपासणी : मुदत कधीपासून मोजली जाते

परताव्याची मुदत तीन, सात किंवा दहा दिवसांची असते, आणि ती बहुतेक ठिकाणी पार्सल पोहोचल्याच्या नोंदीपासून मोजतात. शहरात यामुळे फरक पडत नाही. आपल्याकडे पार्सल तालुक्याच्या कार्यालयात येते, तेथून गावच्या पोस्टात, आणि तेथून वाडीपर्यंत जाते. दरड कोसळून घाट बंद पडला किंवा कोकण रेल्वेची वाहतूक थांबली तर त्याला किती दिवस लागतील ते सांगता येत नाही. कुरिअरचा माणूस पुष्कळदा नाक्यावरच्या दुकानात पार्सल ठेवून नोंद पूर्ण करतो.

म्हणून पार्सलच्या मागोव्याचा स्क्रीनशॉट रोज घ्यावा, आणि ‘पोहोचले’ अशी नोंद दिसली पण पार्सल हाती नसले तर त्याच दिवशी विक्रेत्याला आणि ज्या ऑनलाइन मंचावर (संकेतस्थळ किंवा ॲपवर) खरेदी झाली त्या मंचाला तसे लेखी कळवावे. एक ओळ पुरते : ‘आज अमुक तारखेला पार्सल पोहोचल्याची नोंद दिसते, परंतु ते मला मिळालेले नाही.’ ही ओळ नसेल तर चार दिवसांनी केलेली तक्रार उशिराची ठरते. दुसऱ्या कोणी पार्सल घेतले असेल तर त्याचे नाव आणि वेळ टिपून ठेवावी.

तिसरी तपासणी : पार्सल उघडण्याचे चित्रीकरण

माझ्या अनुभवात परताव्याचे निम्म्याहून अधिक वाद येथेच जिंकले किंवा हरले जातात. पार्सल एकट्याने, घाईत, गाडीवर बसून उघडू नये. मोबाइल डब्यावर टेकवून किंवा घरातल्या कोणाच्या हाती देऊन, मध्ये कोठेही न थांबवता एकाच सलग चित्रीकरणात पुढील क्रम ठेवावा : न उघडलेल्या पार्सलच्या सहाही बाजू, पत्त्याची चिठ्ठी व तिच्यावरचा क्रमांक, चिकटपट्टी कापणे, आतले पाकीट, मग नाण्याच्या दोन्ही बाजू, नाण्याची कड, आणि शेवटी चालू काट्यावर ठेवलेले नाणे व त्याचे वजन. या सर्व वेळात नाणे चौकटीबाहेर जाऊ देऊ नये. ते एकदा जरी हाताआड किंवा टेबलाखाली गेले तर ‘तेथे बदलले’ असे म्हणायला जागा राहते.

मूळ फाइल मोबाइलमध्येच ठेवावी आणि तिची एक प्रत संगणकावर घ्यावी. व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या प्रतीवर विसंबून मूळ फाइल पुसू नये, कारण त्या प्रतीत तारखेचे व उपकरणाचे तपशील राहत नाहीत आणि चित्रही दबते. प्रकरण ग्राहक आयोगापर्यंत गेले तर अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र द्यावे लागू शकते, आणि ते मूळ फाइल हाती असताना देणे सोपे जाते.

पावसाळ्यात पार्सल ओले आले तर आधी ओलेपणाचे चित्रीकरण करावे आणि मगच ते पुसावे. आतला कागद कितपत भिजला आहे हेही दाखवावे. तांब्याच्या नाण्यावर फिकट हिरवा, भुकटीसारखा थर दिसत असेल तर ती क्षारांमुळे होणारी झीज असू शकते. आपल्या खाऱ्या, दमट हवेत ती काही आठवड्यांत वाढते, आणि ‘तुमच्या घरी नाणे खराब झाले’ हा आरोप विक्रेत्याला सहज करता येतो. पहिल्या दिवसाचे चित्र असेल तर तो आरोप टिकत नाही. नाणे परत जाईपर्यंत ते मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नये. तशा प्लास्टिकमधून सुटणारा द्रव नाण्यावर हिरवट चिकट थर धरतो. वर्तमानपत्रात गुंडाळणे किंवा रबर लावणे हेही टाळावे, कारण त्यातील गंधकाने चांदी काळी पडते. कोऱ्या कागदाच्या पाकिटात, सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डब्यात ठेवलेले नाणे पंधरवडा सुरक्षित राहते.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगतो. नाणे कोणत्याही परिस्थितीत धुऊ किंवा घासू नये. गुहागरजवळचे एक गृहस्थ काही वर्षांपूर्वी स्टीलच्या डब्यात कापसावर ठेवलेली शिवराई घेऊन माझ्याकडे आले होते. ती त्यांनी ऑनलाइन घेतली होती, खरी वाटत नव्हती, आणि विक्रेत्याने परत घ्यायला नकार दिला होता. डबा उघडल्यावर मला गुलाबी, नुकत्याच घासलेल्या पितळी समईसारखे चकचकीत तांबे दिसले. ‘श्री राजा शिव’ या अक्षरांच्या खोबणीत शतकांचा जो गडद थर साचलेला असायला हवा, तो पार निघून गेला होता, आणि कापसाला अजून आंबूस वास येत होता. घरातल्या तांब्याच्या कळशीला लावतात तसे त्यांनी तिला आमसुलाचे पाणी लावून, छाप नीट दिसावी म्हणून अंगठ्याने चोळले होते. विक्रेत्याच्या फोटोत ती गडद तपकिरी होती. कडेची चीर जुळत होती म्हणून नाणे तेच होते एवढे मला सांगता आले. पण ते जुने होते की कृत्रिमरीत्या रंग चढवलेली नक्कल होती, हे ज्या थरावरून ओळखता आले असते तो थरच आता नव्हता. त्या विक्रेत्याने परतावा नाकारला, आणि त्याच्या जागी मी असतो तरी नाकारला असता.

चौथी तपासणी : वजन

०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा काही शे रुपयांत मिळतो. तो नसेल तर ओळखीच्या सराफाकडे जावे, मात्र वजन ग्रॅममध्येच सांगायला सांगावे. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा आणि ब्रिटिश काळातील रुपया बरोबर एक तोळ्याचा होता. आजचा सराफ तोळा म्हणतो तेव्हा त्याच्या मनात दहा ग्रॅम असतात. या गोंधळातून ‘रुपया एक तोळा भरला, म्हणजे खरा’ अशी चुकीची खात्री करून घेतलेली माणसे मला भेटली आहेत.

वजनाला एवढे महत्त्व का, तर नक्कल करणारा आकार सहज साधतो पण धातूची घनता त्याला सहज साधत नाही. मी घेतलेल्या व्हिक्टोरिया राणीच्या एका रुपयाचा व्यास बरोबर होता, चेहरा बरा होता, चांदीचा मुलामाही नीट होता. बाजारपेठेतल्या सराफाच्या काट्यावर ठेवल्यावर आकडा ९.७२ वर स्थिरावला. सराफाने नाणे उचलून पुन्हा ठेवले, पुन्हा तेच. तेवढ्याच आकाराचे नाणे जर्मन सिल्व्हरचे (तांबे, निकेल व जस्ताच्या मिश्रधातूचे, ज्यात चांदी नसते) केले तर त्याचे वजन साधारण इतकेच येते, कारण त्याची घनता ८.६ च्या आसपास असते आणि रुपयाच्या चांदीची सुमारे १०.३. झिजलेला खरा रुपया ११.४ किंवा क्वचित ११.२ ग्रॅमपर्यंत उतरतो, पण दोन ग्रॅम झिजलेल्या नाण्यावर राणीचा चेहरा शिल्लक राहणार नाही. असा आकडा हाती आला की पुढच्या कोणत्याही तपासणीची गरज नाही. काट्यावरचा फोटो आणि विक्रेत्याच्या वर्णनातील ‘चांदी’ हा शब्द एवढ्यावर तक्रार उभी राहते.

शिवराईसारख्या हाताने पाडलेल्या नाण्यांना मात्र ही कसोटी तशीच लावू नये. त्यांची वजने मुळातच सारखी नसतात.

पाचवी तपासणी : चुंबक

याबद्दल थोडक्यात. चांदी आणि तांबे चुंबकाला चिकटत नाहीत. चांदीचा म्हणून घेतलेला रुपया चिकटला तर तो चांदीचा नाही. उलट १९४७ चा निकेलचा रुपया चिकटलाच पाहिजे. न चिकटणे हा खरेपणाचा पुरावा नाही, हे लक्षात ठेवावे, कारण पितळ आणि जर्मन सिल्व्हरही चिकटत नाहीत.

सहावी तपासणी : भिंग आणि विक्रेत्याचाच फोटो

दहापट मोठे दाखवणारे सराफी भिंग घ्यावे आणि दिवसाच्या तिरप्या उजेडात, पडवीत बसून नाणे पाहावे. ठशाने पाडलेल्या नाण्याच्या अक्षरांच्या कडा ताठ असतात. साच्यात ओतलेल्या नाण्याच्या कडा मऊ असतात, सपाट भागावर बारीक खड्डे दिसतात, आणि कडेवर दोन अर्धे जोडल्याची रेघ किंवा ती रेघ घासून काढल्याच्या खुणा दिसतात. मूळ कड दातेरी असेल तर दाते एकसारखे आहेत का ते पूर्ण फिरवून पाहावे.

वजन बरोबर असूनही नाणे खोटे असू शकते, आणि त्यासाठी भिंगच लागते. १९३९ चा चांदीचा रुपया अत्यंत दुर्मीळ आहे, तर त्याच्या आदल्या वर्षाचा, त्याच वजनाचा आणि त्याच धातूचा रुपया सहज मिळतो. १९३८ मधील शेवटचा आकडा कोरून ९ केलेले नाणे काट्यावर, चुंबकावर आणि पाण्यात सर्व कसोट्यांना उतरते. त्याचे खोटेपण फक्त त्या एका आकड्याच्या बुडाशी दिसते : भोवतालचा धातू खरवडलेला असतो, रंग बदललेला असतो, किंवा आकड्याची उंची शेजारच्या आकड्यांशी जुळत नाही. मोठ्या किमतीच्या नाण्यात हे दिसल्याचा संशय आला तर स्वतः निष्कर्ष काढू नये, त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

भिंगाचा दुसरा उपयोग याहून मोलाचा आहे. विक्रेत्याचा फोटो मोबाइलवर मोठा करून हातातल्या नाण्याशी ताडून पाहावा आणि त्या नाण्याला अंगभूत असलेल्या तीन खुणा शोधाव्यात : एखादा ओरखडा, कडेवरचा ठेचा, किंवा छाप मध्यापासून सरकल्याने तुटलेले अक्षर. त्या तिन्ही खुणा जुळल्या तर नाणे तेच आहे हे सिद्ध झाले, आणि त्या खुणांचे जवळून घेतलेले फोटो परत पाठवण्यापूर्वीच विक्रेत्याला पाठवून ठेवावेत. न जुळल्या तर विक्रेत्याने फोटो एका नाण्याचा देऊन दुसरे पाठवले आहे, आणि ती वेगळी, अधिक भक्कम तक्रार आहे. माझ्या त्या हलक्या रुपयाच्या वेळी विक्रेत्याने ‘नाणे बदलले’ असा आरोप केलाच. त्याच्याच जाहिरातीतील फोटोत राणीच्या हनुवटीखाली भाताच्या तुसाएवढा आडवा ओरखडा होता, आणि माझ्या चित्रीकरणातही तो होता. दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाठवल्यावर तिसऱ्या दिवशी पैसे आले.

सातवी तपासणी : पाण्यातील वजन

ही थोडी कष्टाची आहे आणि फक्त सुट्या, चांदीच्या, यंत्राने पाडलेल्या नाण्यांसाठी करावी. काट्यावर अर्धा पेला पाणी ठेवून आकडा शून्यावर आणावा, नाणे बारीक दोऱ्याने बांधून तळाला किंवा कडेला न टेकवता पूर्ण बुडवावे, आणि दिसणारा आकडा टिपावा. नाण्याच्या कोरड्या वजनाला या आकड्याने भागले की घनता मिळते. ११.६६ ग्रॅमच्या, ९१.७ टक्के चांदीच्या खऱ्या रुपयासाठी काटा सुमारे १.१३ दाखवतो आणि भागाकार १०.३ च्या जवळ येतो. नाण्याला हवेचा बुडबुडा चिकटला असेल तर उत्तर चुकते.

तांब्याच्या जुन्या नाण्यांना पाणी लावू नये. प्रमाणन संस्थेने, म्हणजे नाण्याचा खरेपणा तपासून देणाऱ्या संस्थेने, प्लास्टिकच्या कवचात बंद केलेले नाणे तर कधीही उघडू नये, कारण कवच फुटले की त्या संस्थेची हमी संपते आणि परताव्याचा हक्कही बहुतेक वेळा जातो. अशा नाण्याच्या कवचावरील क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून तेथील फोटोशी ताडावा. कवचेही बनावट येतात.

तक्रार कशी लिहावी आणि नाणे कसे पाठवावे

फोनवर बोलणे झाले तरी त्यातील मजकूर लगेच मंचाच्या संदेशात लिहून पाठवावा. राग, आरोप आणि इशारे टाळावेत. वर्णनात काय होते, प्रत्यक्षात काय आढळले, ते कोणत्या तारखेला आणि कशाने मोजले, आणि आपल्याला काय हवे आहे, एवढेच लिहावे. उदाहरणार्थ : ‘आपल्या वर्णनात नाणे चांदीचे असल्याचे नमूद आहे. मिळालेल्या नाण्याचे वजन ९.७२ ग्रॅम आहे, अपेक्षित वजन ११.६६ ग्रॅम आहे. चित्रीकरण व फोटो सोबत आहेत. नाणे मिळाले त्याच स्थितीत परत करण्यास मी तयार आहे. कृपया पूर्ण परताव्याची व्यवस्था व परतीचा पत्ता लेखी कळवावा.’ परतीचा पत्ता लेखी आल्याशिवाय नाणे पाठवू नये.

बऱ्याच खासगी कुरिअर कंपन्या नाणी आणि मौल्यवान धातू स्वीकारत नाहीत, आणि वस्तूचे नाव लपवून पाठवलेले पार्सल हरवले तर भरपाई मागता येत नाही. पोस्टाच्या खिडकीवर नाण्याची खरी किंमत सांगून विम्यासह पाठवणे हा मला सर्वांत सुरक्षित मार्ग वाटतो. पॅकिंगचेही सलग चित्रीकरण करावे आणि पावतीवरचे पार्सलचे वजन जपून ठेवावे, कारण रिकामे पाकीट आल्याचा दावा झाला तर ते वजन उत्तर देते.

परदेशातील विक्रेत्याकडून घेतलेल्या जुन्या नाण्याच्या बाबतीत मात्र येथेच थांबावे. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावशेष ठरते आणि खासगी व्यक्तीने ते देशाबाहेर पाठवणे बेकायदेशीर आहे. ‘मी फक्त परत करत होतो’ असे सांगून सुटका होईल असे धरून चालू नये. विक्रेत्याला हे कारण कळवून नाणे परत न करता तडजोड मागावी, आणि रक्कम मोठी असेल तर वकिलाचा व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचा सल्ला घेतल्याशिवाय पाऊल उचलू नये.

विक्रेता ऐकत नसेल तर

ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० नुसार बनावट किंवा जाहिरातीतील वर्णनाशी न जुळणारी वस्तू परत घेण्यास आणि पैसे देण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. मंचाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि एका महिन्यात तिचे निवारण करायचे असते. म्हणून विक्रेत्याशी आठवडाभर घासाघीस करण्यापेक्षा दोन लेखी संदेशांनंतर थेट या अधिकाऱ्याकडे जावे. तेथे काही झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पैसे कार्डाने दिले असतील तर बँकेकडे व्यवहारावर आक्षेप नोंदवण्याची सोय असते, पण तिची मुदत चालू असते, म्हणून बँकेला पहिल्याच आठवड्यात विचारावे. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा समाधान केले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

हे ई-वाणिज्य नियम नियमितपणे व्यवसाय करणाऱ्यांना लागू आहेत. समाजमाध्यमांवरील गटात एखाद्या छंदिष्टाने स्वतःकडचे एखाद-दुसरे नाणे विकले असेल तर तो त्यांच्या कक्षेत येत नाही. तसेच पुन्हा विकण्यासाठी नाणी घेणारा स्वतः कायद्याने ग्राहक ठरत नाही. अशा वेळी गटाच्या चालकांची मध्यस्थी आणि त्यानंतर वकिलाची नोटीस एवढेच हाती राहते, म्हणून अनोळखी माणसाला थेट यूपीआयने मोठी रक्कम देण्याआधी हे ध्यानात घ्यावे.

कुठे थांबून जाणकाराकडे जावे

नाण्याची किंमत तुमच्या महिन्याच्या मिळकतीच्या जवळपास जात असेल, किंवा ते शिवकालीन होन, आदिलशाहीत पाडलेली व दाभोळ बंदराशी जोडली जाणारी चांदीच्या तारेची लारी, १९३९ चा रुपया अशा वर्गातले असेल, तर घरचे भिंग आणि काटा पुरेसा नाही. होनाच्या नकला सोन्यातही होतात, तेव्हा धातूची कसोटी तेथे काही सिद्ध करत नाही. मान्यताप्राप्त प्रमाणन संस्थेचे किंवा लिलाव संस्थेतील नाणेतज्ज्ञाचे लेखी मत घ्यावे. तोंडी मताला वादात किंमत नाही. विक्रेत्याला आधी कळवून, तो कोणाचे मत मान्य करील हे लेखी घेतले तर पुढचा निम्मा वाद टळतो.

विक्रेता धमकी देऊ लागला, किंवा नाणे चोरीचे अथवा जमिनीत सापडलेल्या धनातील असल्याचा सुगावा लागला, तर परताव्याचा विचार सोडून पोलीस व वकील यांच्याकडे जावे, आणि नाणे विक्रेत्याला परत पाठवू नये.

हेल्पलाइननेही प्रश्न सुटला नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग उरतो. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे विक्रेता दिल्लीचा असला तरी रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गच्या आयोगात प्रकरण चालू शकते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकील न करताही स्वतः बाजू मांडता येते. मात्र विक्रेत्याने वकील उभा केला किंवा तज्ज्ञाच्या अहवालावर उलटतपासणीची वेळ आली तर वकील घ्यावाच. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. तोवर नाणे तारीख घातलेल्या मोहरबंद पाकिटात ठेवावे, दर पावसाळ्याआधी पाकीट न उघडता डब्यातली सिलिका जेलची पुडी बदलावी, आणि पैसे खात्यात जमा झाले तरी चित्रीकरण, पावत्या व संदेश ती दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत पुसू नयेत.